‘क’चा नंबर २३२५: पुण्यातलं फाँटचं भांडण आणि खराडीची हरवलेली वर्षं

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

अँड्रॉइड की आयफोन, विंडोज की लिनक्स, यावर आपल्याकडे आठवड्याला एक तरी वाद होतो. मीही त्यात हिरिरीने उतरतो. पण पुण्यात सॉफ्टवेअरचं एक भांडण असं होऊन गेलंय, की त्याचे परिणाम सोसायटीच्या नोटिशीपासून सरकारी कागदापर्यंत आजही दिसतात, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. ते भांडण होतं मराठी अक्षरांच्या नंबरांचं.

आधी एक प्रयोग करा. २००५ च्या आसपासची एखादी मराठी वर्ड फाइल किंवा पीडीएफ शोधा. सोसायटीचं जुनं इतिवृत्त, लग्नपत्रिका, दिवाळी अंकातला लेख, काहीही चालेल. त्यातली एक ओळ कॉपी करा आणि व्हॉट्सॲपवर पेस्ट करा. बऱ्याच वेळा मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस, टक्के, डॉलर असा चिवडा पडेल. फाइल खराब झालेली नाही. ती आतून कधी मराठी नव्हतीच, फक्त मराठी दिसत होती.

हे असं का झालं, ते समजून घ्यायला थोडं मागे जाऊ.

कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. इंग्रजी मोठ्या लिपीतला ए म्हणजे ६५, बी म्हणजे ६६, हे अमेरिकेत १९६० च्या दशकात ठरलं आणि पुढे जगाने पाळलं. फाँटचं काम त्यानंतरचं: त्या आकड्याच्या जागी पडद्यावर कुठलं चित्र काढायचं, एवढंच. आकडा म्हणजे माणूस आणि फाँट म्हणजे त्याचा शर्ट असं समजा. शर्ट बदलला तरी माणूस तोच राहिला पाहिजे.

मराठी अक्षरांना आकडे द्यायच्या कामात पुण्याचा वाटा मोठा आहे. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झालं. त्याची ‘परम ८०००’ची गोष्ट आपल्या सगळ्यांना पाठ आहे. अमेरिकेने क्रे कंपनीचा महासंगणक देताना आडकाठी केली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये आपण आपला बनवला. अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे ती. पण त्याच सी-डॅकमध्ये ‘जिस्ट’ नावाचा दुसरा एक गट होता. हे काम मूळचं आयआयटी कानपूरमधलं. तिथून मोहन तांबे ते पुण्याला घेऊन आले. जिस्ट कार्ड पीसीमध्ये बसवलं की डॉसवर चालणाऱ्या साध्या इंग्रजी प्रोग्रॅममध्येही देवनागरी लिहिता यायची. परम तुम्ही-आम्ही कधी हात लावून पाहिला नाही. जिस्टमधल्या कल्पना मात्र आज प्रत्येकाच्या खिशात आहेत.

या गटाच्या कामामागे ‘इस्की’ नावाचा भारतीय मानक संकेत होता. त्याची १९८८ ची आवृत्ती आली, आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोने त्याला अधिकृत मानक केलं. त्यातली कल्पना फार शहाणी होती. ब्राह्मीतून निघालेल्या सगळ्या लिपींची वर्णमाला जवळपास एकाच क्रमाची आहे. मग देवनागरी क, बंगाली क, तेलुगू क यांना एकच आकडा द्यायचा. जोडाक्षराचं चित्र साठवायचं नाही, उच्चाराचा क्रम साठवायचा. चित्र जुळवणं हे यंत्राचं काम. ‘इनस्क्रिप्ट’ कीबोर्डही याच विचारातून आला: डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं.

१९९१ च्याच ऑक्टोबरमध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली. जगातल्या प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा नंबर, अशी ती योजना. तिच्यात देवनागरी पहिल्यापासून होती, आणि तिचा क्रम इस्कीवरून घेतलेला होता. क म्हणजे २३२५, म म्हणजे २३५०, आपला ळ म्हणजे २३५५. म्हणजे ज्या वर्षी परम आला त्याच वर्षी मराठीचा प्रश्न कागदावर सुटला होता.

मग पुढची वीस वर्षं चिवडा का झाला?

कारण आपल्या टेबलावर विंडोज आलं. विंडोज ३.१, ९५, ९८ यांना देवनागरी येत नव्हती. पहिली वेलांटी उच्चारात नंतर येते पण अक्षराच्या आधी काढायची, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जातो, जोडाक्षरं एकात एक शिरतात, यातलं काहीच त्यांना माहीत नव्हतं. त्यांच्याकडे होते २५६ खण, आणि त्यातले बरेचसे इंग्रजीने भरलेले. मराठी माणसाने मग जुगाड केला. इंग्रजी अक्षरांच्या खणात देवनागरीचे तुकडे बसवले. खण कमी आणि आकार जास्त, म्हणून अक्षरंही तोडली. अनेक फाँटमध्ये ‘ग’ हे एक अक्षर नव्हतंच. अर्धा ग् एका खणात आणि पुढचा काना दुसऱ्या खणात. पडद्यावर ग दिसायचा, पण कॉम्प्युटरच्या लेखी ती दोन इंग्रजी अक्षरं होती. त्यामुळे शोधायला जा, सापडणार नाही. नावांची यादी अकारविल्हे लावायला जा, लागणार नाही.

एवढंच असतं तरी निभावलं असतं. पण प्रत्येकाने तुकडे आपापल्या खणात बसवले. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची ‘श्री-लिपी’ होती. सी-डॅकचं ‘आयएसएम’ होतं. बंगळूरचं ‘आकृती’, हिंदी पट्ट्यात ‘कृतिदेव’, फुकट मिळणारा ‘शुषा’, इंटरनेटवर फिरणारा ‘शिवाजी’. एकात लिहिलेलं दुसऱ्यात उघडलं की चिवडा. गंमत बघा, ज्या सी-डॅकचं इस्कीच्या कामात नाव होतं, त्यांच्याच आयएसएमने विंडोजवर मजकूर साठवताना ‘इस्फॉक’ नावाचा वेगळा फाँट-संकेत वापरला. विंडोजपुढे त्यांचाही इलाज चालला नाही.

आता या कंपन्यांना शिव्या घालणं सोपं आहे. मी घालणार नाही. नव्वदच्या दशकात मराठी वर्तमानपत्रं, पुस्तकं, पत्रिका, निवडणुकीची पत्रकं कॉम्प्युटरवर आली ती यांच्यामुळेच. सदाशिव-नारायण पेठेतल्या कितीतरी डीटीपीवाल्यांचे संसार या फाँटांवर उभे राहिले. अक्षरंही देखणी होती, आजच्या कितीतरी फुकट फाँटांपेक्षा देखणी. अमेरिकेतल्या कंपनीला मराठी ही बाजारपेठ वाटत नव्हती, तेव्हा ती या लोकांना वाटली.

पण किंमत काय मोजली, तेही बघू. हे सॉफ्टवेअर बहुतेक डोंगलवर चालायचं. आधी प्रिंटरच्या पोर्टला लावायचा, नंतर यूएसबीला. डोंगल नसेल तर टायपिंग बंद. एखाद्या लेखकाने स्वतःची कादंबरी टाइप करून घेतली, तर कॉपीराइट त्याचा, पण ती फाइल उघडायला फाँट लागणार दुसऱ्याचा. कायद्याने मालक लेखक, आणि चावी दुकानदाराकडे. ‘डिजिटल हक्क’ हा शब्द ऐकला की आपल्याला प्रायव्हसी आणि सेन्सॉरशिप आठवते. माझ्या मते त्याच्याही आधीचा हक्क हा आहे: मी लिहिलेलं मला वीस वर्षांनी, कुणाचीही परवानगी न घेता वाचता आलं पाहिजे.

इंटरनेटवर तर कहरच होता. प्रत्येक वर्तमानपत्राच्या साइटवर आधी त्यांचा फाँट उतरवून घ्यायचा, मग बातमी वाचायची. सर्च इंजिनला या साइटींवरचा मराठी शब्द शोधताच यायचा नाही, कारण त्याच्या दृष्टीने तिथे मराठी नव्हतंच. रोज हजारो शब्द छापून येत होते आणि जगाच्या हिशेबात मराठी जवळजवळ शून्य.

बदल सुरू झाला फेब्रुवारी २००० मध्ये. विंडोज २००० ला देवनागरी कळत होती आणि तिच्यासोबत ‘मंगल’ फाँट आला. पुढे एक्सपीत कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन एका चौकोनात टिक करायची, मग विंडोजची सीडी मागितली जायची. ती सीडी किती घरांत अस्सल होती, ते विचारू नका. १ मे २००३ ला, महाराष्ट्र दिनी, मराठी विकिपीडिया सुरू झाला. २००४ मध्ये ‘मनोगत’ आलं. तिथे साधी माणसं, कुठलाही डोंगल न लावता, युनिकोडमध्ये पानंच्या पानं लिहू लागली. लिनक्सवाल्यांच्या बाजूने ‘इंडलिनक्स’ची मंडळी खपत होती. रेड हॅटने ‘लोहित’ फाँट मुक्त परवान्याखाली सोडले आणि त्यांची देखभाल पुण्यातल्या इंजिनिअरांनी वर्षानुवर्षं केली. त्या कंपनीचं ऑफिस पुढे आपल्या नदीपलीकडे, मगरपट्ट्यात होतं.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण माझं सगळं म्हणणं त्यावर उभं आहे. मंगल मायक्रोसॉफ्टचा, लोहित लिनक्सवाल्यांचा. दोघांची तत्त्वं वेगळी, धंदा वेगळा, एकमेकांशी हाडवैर. पण मंगलमध्ये लिहिलेली फाइल लोहितमध्ये बिनबोभाट उघडते. कारण क दोघांकडेही २३२५ च आहे. भांडण शर्टाचं राहिलं, माणूस सामाईक झाला. स्पर्धा असावी तर अशी. श्री-लिपी आणि आकृतीच्या काळातही स्पर्धा होती, पण तिच्यात गिऱ्हाईक फाइलसकट ओलीस होतं.

युनिकोड म्हणजे सगळं आलबेल, असंही नाही. त्यात मराठीला भांडून जागा घ्यावी लागली. आपण ‘ॲप’, ‘ॲसिड’, ‘ॲम्ब्युलन्स’ लिहितो, त्यातला ॲ. हिंदीत ऐ किंवा ए लिहून भागतं, आपलं भागत नाही. या अक्षराला स्वतःचा नंबर, २४१८, मिळाला तो २००८ मध्ये, युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत. म्हणजे पहिल्या आवृत्तीनंतर १७ वर्षांनी. याच्याशी रुपयाच्या चिन्हाची तुलना करा. सरकारने ते चिन्ह जुलै २०१० मध्ये निवडलं आणि ऑक्टोबर २०१० च्या आवृत्तीत ते आलंसुद्धा. मागे कोण उभं आहे, यावर किती फरक पडतो ते दिसतं.

दुसरं उदाहरण अर्ध्या र चं. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या. ‘आचार्यांना’ बोलवायचं होतं आणि ‘आचाऱ्यांना’ निरोप गेला, हा विनोद शाळेत सगळ्यांनी ऐकलाय. हा फरक ठेवायला नुक्त्याच्या ऱ ची सोय युनिकोडमध्ये पहिल्यापासून आहे. पण अनेक मोबाइल कीबोर्डांवर तो ऱ शोधून काढावा लागतो, म्हणून लोक सरळ र्या लिहितात. जे पटकन सापडत नाही ते हळूहळू लिहिण्यातून जातं.

मग सरकारने काय केलं? नोव्हेंबर २००९ मध्ये केंद्राने ई-गव्हर्नन्ससाठी युनिकोड ५.१ आणि पुढच्या आवृत्त्या हेच मानक म्हणून ठरवलं. म्हणजे आपला ॲ असलेली आवृत्ती. त्याआधी वर्डच्या डॉक्स फाइलमागच्या स्वरूपाला आंतरराष्ट्रीय मानक म्हणावं की नाही, यावर जगभर वाद पेटला होता. एक खुलं मानक आधीच असताना एका कंपनीच्या स्वरूपाला दुसरं मानक कशाला, असा तो वाद. भारताने त्यात विरोधी मत दिलं. २००८ मध्ये ते मंजूर झालं, तेव्हा दक्षिण आफ्रिका, ब्राझील आणि व्हेनेझुएलाबरोबर भारताने अपील केलं. ते फेटाळलं गेलं. पण त्या मंथनानंतर नोव्हेंबर २०१० मध्ये खुल्या मानकांचं राष्ट्रीय धोरण आलं. सरकारी माहिती कुठल्याही एका कंपनीच्या कुलपात अडकू नये, असा त्याचा सरळ अर्थ.

धोरण आलं तरी प्रेसमध्ये जुनेच फाँट चालू राहिले. त्याला कारण होतं. पेजमेकरला युनिकोड कधीच आलं नाही. इनडिझाइनला भारतीय लिपींचा आधार मिळाला तो २०१२ च्या सीएस६ आवृत्तीत. त्यामुळे डीटीपीवाल्याला ‘युनिकोडमध्ये दे’ म्हणणं म्हणजे शेतकऱ्याला बैल विकून नसलेला ट्रॅक्टर चालव म्हणण्यासारखं होतं.

आता खराडीकडे येऊ.

नव्या लोकांना वाटतं इथली आयटी इऑनपासून सुरू झाली. झेन्सार त्याच्या आधीपासून इथे आहे, आणि त्या कंपनीचं मूळ तर पुण्यात १९६३ पर्यंत मागे जातं; एके काळी ती ब्रिटिश आयसीएल कंपनीची आयसीआयएम होती. पण गावाचं रूप खरं पालटलं ते १९९७ नंतर. त्या वर्षी खराडी महापालिकेत आली. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ग्रामपंचायत गेली, शेतं गेली, विकास आराखडे आले, हरकती-सूचना झाल्या, टॉवर उभे राहिले.

ही वर्षं आणि फाँटच्या चिवड्याची वर्षं एकच आहेत. १९९७ ते २०१२.

म्हणजे आपल्या गावाचं शहर होताना मराठीत जे काही कॉम्प्युटरवर टाइप झालं, हरकतींचे अर्ज, मंडळांच्या स्मरणिका, जत्रेची पत्रकं, स्थानिक साप्ताहिकं, सोसायट्यांची पहिली इतिवृत्तं, त्यातलं बरंचसं अशा फाइलींमध्ये आहे ज्या आज उघडल्या तर कचरा दिसतो. कागद असेल तर वाचता येईल. पण शोधता येणार नाही. १९६० ची मोडीतली नोंद वाचणारा माणूस शोधला तर मिळतो. २००३ ची फ्लॉपी वाचणारं यंत्र मिळत नाही. गुगलला किंवा आजच्या चॅटबॉटला ‘खराडीत २००२ मध्ये काय झालं’ विचारा. इंग्रजी बातम्या सापडतील. त्या काळात इथल्या लोकांनी मराठीत काय म्हटलं, ते सापडणं मुश्कील. पुढे कुणी या गावाचा इतिहास लिहायला बसलं, तर आयटी कंपन्यांची प्रसिद्धीपत्रकं मिळतील आणि शेतकऱ्याची हरकत मिळणार नाही. माझी खरी काळजी ती आहे.

आणि वाईट वाटतं ते याचं, की नंबरांची लढाई जिंकल्यावर आपण स्वतःहून मागे चाललोय. आज प्रत्येक फोनला युनिकोड येतं. तरी सोसायटीची नोटीस छापून, सही करून, तिचा फोटो ग्रुपवर टाकला जातो. पाणी बंदची सूचना चित्र असते. जाहीर सूचना स्कॅन करून, वाकडी, पीडीएफमध्ये. फोटोत शब्द नसतात, रंगाचे ठिपके असतात. दृष्टिहीन माणसाचा फोन तो वाचून दाखवताना अडखळतो, आजोबांनी फोनमध्ये अक्षर मोठं ठेवलं तरी ते फोटोला लागू होत नाही, आणि सहा महिन्यांनी तुम्हाला ती शोधून सापडत नाही. म्हणजे १९९८ ची परिस्थिती, फक्त कॅमेरा चांगला.

याचं मोठं रूप मतदार यादीत दिसतं. यादी शोधता येईल अशा मजकुराच्या स्वरूपात द्या, अशी मागणी सुप्रीम कोर्टात गेली होती. ऑक्टोबर २०१८ मध्ये कोर्टाने ती मान्य केली नाही. चित्ररूपातली यादी देण्यामागे आयोगाचं म्हणणं असं, की मजकूर दिला तर मतदारांच्या माहितीचा गैरवापर सोपा होईल. ही भीती खोटी नाही. लाखो लोकांची नावं, वयं, पत्ते एका क्लिकवर उचलले जावेत असं मलाही वाटत नाही. पण ज्याच्याकडे पैसा आहे तो चित्रातूनही मजकूर काढून घेतो. अडतो तो आपल्यासारखा, ज्याला आपल्या बिल्डिंगमधली दुबार नावं तपासायची असतात. अडथळा कुणासाठी उभा केला आणि अडलं कोण, हा प्रश्न विचारायला हवा.

माहिती अधिकार कायदा, २००५, कलम ४ म्हणतं की सरकारी कार्यालयांनी आपले अभिलेख सूचीबद्ध करावेत आणि संगणकीकृत करण्याजोगे असतील ते संगणकीकृत करावेत. कागदाचा फोटो काढून कपाटातून सर्व्हरवर ठेवणं, याला माझ्या मते संगणकीकरण म्हणत नाहीत. सापडलं पाहिजे, तरच ते उपयोगाचं.

बरं, तक्रार पुरे. आपण करू शकतो अशा चार गोष्टी सांगतो.

एक. घरात, मंडळात, सोसायटीत जुन्या मराठी फाइली असतील तर आत्ता काढा. जुना पीसी भंगारात द्यायच्या आधी. फाइलमध्ये कुठला फाँट आहे त्याचं नाव लिहून ठेवा. ते नाव हरवलं तर काम दहापट अवघड होतं.

दोन. जुन्या फाँटातून युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर मिळतात. बदल झाल्यावर चार जागा डोळ्यांनी तपासा: पहिली वेलांटी, रफार, ऱ्य-ऱ्ह आणि ॲ. चुका बहुतेक तिथेच होतात. मूळ फाइल टाकून देऊ नका. नवी प्रत साध्या टेक्स्ट फाइलमध्येही ठेवा; ती कुठल्याही यंत्रावर उघडते.

तीन. सेक्रेटरी साहेब आणि मॅडम, नोटिशीचा फोटो टाका, हरकत नाही. पण खाली तोच मजकूर टाइपही करा. पाच मिनिटांचं काम आहे.

चार. नगर रस्ता-वडगावशेरी क्षेत्रीय कार्यालयात कुठल्याही कामाला गेलात आणि स्कॅन केलेली पीडीएफ हातात पडली, तर मजकुराची प्रत लेखी मागा. एकाने मागितली तर दुर्लक्ष होईल. पन्नास जणांनी मागितली तर फाइल तयार होते, हा आपला सगळ्यांचा अनुभव आहे.

कुठला फोन घ्यावा हे मला जरूर विचारा, सांगेन. पण फोन तीन वर्षांत बदलतो. त्यात तुम्ही लिहिलेलं तीस वर्षांनी उघडायचं असेल, तर ते सगळ्यांना ठाऊक असलेल्या नंबरांत लिहिलेलं असलं पाहिजे.

खराडी, चंदननगर, वडगावशेरी भागातलं १९९७ ते २०१२ दरम्यानचं काही मराठी साहित्य कुणाकडे जुन्या फाँटात पडून असेल, तर कमेंटमध्ये फाँटचं नाव टाका. फाइल इथे टाकू नका, त्यात लोकांची नावं-पत्ते असतात. उघडता येते का, ते बसून बघू.